टिक फिव्हर आणि परदेशी निघालेला कुत्रा: नवीन व्हेट लोकांसाठी

शिरवळ किंवा परळहून पास होऊन पुण्यात स्मॉल ॲनिमल प्रॅक्टिसला लागणाऱ्या ज्युनियर्ससाठी लिहितेय. टिक फिव्हर म्हणजे गोचिडामुळे होणारे आजार; त्यांचे जंतू एर्लिकिया, बबेशिया, हेपॅटोझून तुम्ही परीक्षेत लिहून आलाय, ते परत सांगत नाही. पाय अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि बाणेर-हिंजवडीचे ओनर कुत्र्यासकट जर्मनी-यूकेला शिफ्ट व्हायला लागल्यापासून ते फार महाग पडतं.

होतं काय, की कुत्रा ताप घेऊन येतो, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तीस हजारांवर घसरलेल्या, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) सुरू केली की दोन-तीन दिवसांत जेवायला लागतो, ओनर खूश, आपणही खूश, आणि दहाव्या दिवशी गोळ्या बंद. बरं वाटणं आणि जंतू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात बसायला फार वेळ लागला. एर्लिकिया कॅनिस प्लीहेत दबून राहतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षंही, वरून कुत्रा ठणठणीत दिसतो, आणि काही कुत्र्यांत मग बोन मॅरोच (रक्तपेशी बनवणारी मज्जा) बसतो, रक्ताच्या सगळ्या पेशी खाली. म्हणून डॉक्सी किलोला १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस, पूर्ण.

आता टेस्ट. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) मोरुला, म्हणजे पेशीतला एर्लिकियाचा पुंजका, दिसला तर छानच, नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही. अँटीबॉडी किट एवढंच सांगतं की या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती. तापाच्या सुरुवातीला ते निगेटिव्ह येऊ शकतं आणि उपचारानंतर कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं. पीसीआर रक्तातला डीएनए शोधतं, पण जंतू प्लीहेत असेल तर रक्तात सापडेलच असं नाही, आणि डॉक्सी चालू असताना आलेल्या निगेटिव्हवर तर अजिबात विसंबू नका. म्हणजे किट पॉझिटिव्ह आलं म्हणून परत २८ दिवस गोळ्या चालवणं चूक आणि एक पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून 'क्लिअर' लिहून देणंही चूक. हे तिन्ही रिपोर्ट तारखेसकट आणि सीबीसीसकट (रक्तपेशींची मोजणी) शेजारी ठेवूनच वाचायचे. मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या तर स्लाइडच्या कडेला गुठळ्या आहेत का तेही स्वतः बघा.

माझं स्पष्ट मत, जिथे मायक्रोस्कोप कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलाय तिथे पहिली नोकरी धरू नका, पगार जास्त असला तरी. ताप दिसला की सलाईन, स्टिरॉइड आणि इमिडोकार्ब (बबेशियावरचं इंजेक्शन) हा शॉर्टकट शिकवणारे सिनियर भेटतील. बबेशियाची गिब्सोनी ही जात इमिडोकार्बला नीट दाद देत नाही, तिला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन लागतं, आणि स्टिरॉइडने कुत्रा संध्याकाळी उठून बसतो पण खरं चित्र झाकलं जातं.

प्रवासाचं म्हणाल तर यूके आणि ईयूचे कागद मुख्यतः रेबीजचे. आधी मायक्रोचिप, मग लस, किमान ३० दिवसांनी टायटर (लसीने रक्तात पुरेशा अँटीबॉडी झाल्या का ही टेस्ट), तो ०.५ आययू/मिली किंवा वर हवा, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. गोचिडाच्या आजाराची टेस्ट कुणी मागत नाही. यूकेने तर २०१२ पासून गोचिडाच्या औषधाची सक्तीही काढून टाकली. त्यामुळे फाइल परफेक्ट आणि कुत्रा कॅरिअर (वरून ठणठणीत, आत जंतू), असं सहज होऊ शकतं. तिकडच्या व्हेटला एर्लिकिया रोज दिसत नाही, नाकातून रक्त आलं तर तो आधी दुसरंच काहीतरी शोधत बसेल. उलटही आहेच: इंग्लंडमध्ये एसेक्सच्या हार्लो भागात २०१६ च्या सुमारास कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बबेशिया कॅनिस झाला होता, त्यामुळे तिथे थंडी आहे म्हणून गोचिडाची गोळी बंद करा असं ओनरला सांगू नका. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी, भारतातून थेट नेताच येत नाही आणि गिब्सोनीची टेस्टही लागते.

घाबरू नका, वेळ असतो. टायटरनंतरचे तीन महिने नुसते वाट बघण्यात घालवू नका. टायटरचं रक्त काढताना त्याच सुईत सीबीसी, किट आणि पीसीआरचं रक्त घ्या. उपचार लागलेच तर २८ दिवस आरामात बसतात आणि कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी परत पीसीआर करायलाही वेळ उरतो. ओनर तिकीट काढून मग येतात, म्हणून लसीच्या व्हिजिटलाच विचारा, बाहेर जायचा विचार आहे का. आणि निघताना एक पानी समरी द्या, टाइप केलेली, इंग्रजीत: कुत्रा पुण्यात वाढला, एर्लिकिया कधी झाला, किती दिवस डॉक्सी दिली, शेवटच्या प्लेटलेट किती.