विद्यापीठात दिव्यांग सहाय्य घेणार असाल तर: सत्र सुरू होण्याआधीची तयारी

शाळेत लेखनिक, वाढीव वेळ, पुढच्या बाकावरची जागा हे सगळं आईबाबा आणि वर्गशिक्षक परस्पर ठरवून टाकतात. विद्यापीठात विचारायला कुणी येत नाही. तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे मागणी तुम्हीच करायची आणि तुमच्या संमतीशिवाय तुमच्याबद्दल पालकांशीही बोलायचं नाही, असा बहुतेक विद्यापीठांचा शिरस्ता असतो. म्हणून प्रवेश पक्का झाला की सहाय्य कक्ष शोधा. त्याचं नाव कुठे समान संधी कक्ष असेल, कुठे आणखी काही. नोंदणीची शेवटची तारीख आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीचा ईमेल टिपून ठेवा.

मग कागदपत्रं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवरून तुमची अडचण कुणालाच कळत नाही. डॉक्टरांकडून किंवा मानसशास्त्रज्ञांकडून असा अहवाल घ्या की ज्यात सलग किती वेळ लिहिता येतं, अक्षर किती मोठं लागतं, थकवा किंवा वेदना कधी सुरू होतात, औषधाने गुंगी येते का, हे स्पष्ट लिहिलेलं असेल. अहवाल अलीकडचा हवा. मूळ प्रत कुणालाही देऊन टाकू नका, स्कॅन पाठवा.

खरा वेळ द्यायचा तो गरजांच्या कागदाला, म्हणजे कोणत्या सोयी लागतील हे कक्षाला लिहून द्यायच्या यादीला. ‘परीक्षेत जास्त वेळ हवा’ एवढंच लिहून बरेच जण मोकळे होतात, आणि सत्राचे उरलेले महिने रखडतात. त्यापेक्षा सकाळपासूनचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा: वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, क्षेत्रभेट. व्हीलचेअर वापरत असाल तर इमारतीत लिफ्ट आहे का एवढं विचारून भागत नाही. ती बंद पडली तर वर्ग तळमजल्यावर हलवणार का, हेही विचारा. शक्य असेल तर रस्ता आधी एकदा फिरून बघा. कमी ऐकू येत असेल तर सांकेतिक भाषेचे दुभाषी आयत्या वेळी मिळत नाहीत, वेळापत्रक हाती पडताच कळवा. दिसत नसेल तर वाचनयादी सत्राआधीच मागून घ्या. दृष्टिहीनांसाठी कॉपीराइटमध्ये सवलत देणाऱ्या २०१३ च्या माराकेश करारात सामील झालेल्या देशांमध्ये अधिकृत संस्थांना पुस्तकाची ब्रेल, ऑडिओ किंवा स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) चालणारी प्रत तयार करता येते. पण ती कुणीतरी बसून तयार करावी लागते, आणि चारशे पानं एका रात्रीत होत नाहीत.

आता हक्क. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २४ वं कलम उच्च शिक्षणातही वाजवी सोय देण्याची जबाबदारी करार मान्य केलेल्या देशांवर टाकतं. भारताचा २०१६ चा कायदा, ब्रिटनचा २०१० चा, अमेरिकेचा १९९० चा, तपशील वेगळे पण रोख हाच. सोय मागणं म्हणजे कुणाचे उपकार घेणं नव्हे, तेव्हा अर्जात ‘कृपया दया करावी’ असा सूर नको. निदान काय आहे हे प्रत्येक प्राध्यापकाला सांगायचीही गरज नसते. कोणती सोय द्यायची एवढं सांगणारं कक्षाचं पत्र पुरतं. मात्र हक्काची हद्दही ओळखा. वेळ वाढतो, प्रश्नांची काठिण्यपातळी उतरत नाही. अभ्यासक्रमाचा गाभा असलेलं कौशल्य दाखवावंच लागतं, दाखवण्याची रीत मात्र बदलून मागता येते.

तुमच्याकडूनही अपेक्षा असतात, आणि त्या रास्त आहेत. अनेक ठिकाणी पत्र दर सत्राला नव्याने घ्यावं लागतं. दुभाषी ठरला असताना तासाला जाणार नसाल तर आधी कळवा. व्याख्यान रेकॉर्ड करायची परवानगी तुमच्या अभ्यासापुरती असते, वर्गाच्या ग्रुपवर टाकण्यासाठी नाही (मित्र मागतातच, नाही म्हणा). असाइनमेंटची मुदतवाढ तारीख उलटण्याआधी मागा. होऊन गेलेल्या परीक्षेला सोय मागाहून लागू करून सहसा मिळत नाही. लेखनिक उत्तर सुचवणार नाही, हे पाळणं दोघांवर आहे. लेखनिकासोबत एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाच: सूत्रं, आकृत्या, विरामचिन्हं तोंडी सांगणं वेगळंच कसब आहे.

नकार आला तर कारण लेखी मागा. तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ असा ईमेल टाका. आधी कक्षप्रमुख, मग तक्रार निवारण, आणि तिथेही दाद लागली नाही तर देशाच्या कायद्यात नेमलेली यंत्रणा, या क्रमाने जा. प्रत्येक टप्प्याची मुदत असते, ती आधी वाचा. आणि पहिला महिना सरला की कक्षाची पुन्हा वेळ घ्या. कागदावर ठीक वाटलेली एखादी सोय प्रत्यक्षात निरुपयोगी निघते, तेव्हा ती बदलून मागा.