जिताड्याचा गळ निवडताना आधी कोळंबीकडे बघा

रायगडातल्या धरमतरच्या खाडीत जिताड्यासाठी पहिल्यांदा बसलो तेव्हा दुकानदाराने ८/० नंबरचा जाडजूड गळ हातात ठेवला होता. मासा मोठा, तर गळही मोठा, असं त्याचं गणित. त्या गळावर कोळंबी पाच मिनिटांत आडवी झाली आणि दिवसभरात लागल्या त्या फक्त शिंगाळ्या, म्हणजे मिशीवाले मासे. मेलेल्या कोळंबीला शिंगाळी कधी नाही म्हणत नाही.

जिताडा चावत नाही. तो जबडा फाडकन उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. म्हणजे कोळंबी मोकळी पोहत असली पाहिजे, गळाच्या वजनाने तळाला बसलेली नको. म्हणून गळ माशाच्या नाही, आमिषाच्या मापाने घ्या. बोटाएवढ्या कोळंबीला २/० किंवा ३/०, बोयी हा छोटा मासा आमिषाला लावलात तर वीतभर बोयीला ५/०. नंबरात घोळ होतो तो असा: नुसता १, २, ४ असेल तर आकडा वाढेल तसा गळ लहान, पुढे ‘/०’ असेल तर आकडा वाढेल तसा मोठा. गळाची तार अगदी बारीक नको, कारण मासा लागताच कालवं चिकटलेल्या दगडांत नाहीतर तिवरांच्या मुळांत घुसतो आणि जोर लावून थोपवावा लागतो.

माझी पसंती टोक आत वळलेल्या सर्कल गळाला. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. अट एकच: झटका द्यायचा नाही. दोरी पळायला लागली की ताण येऊ द्या आणि नुसतं रीळ फिरवा. साध्या गळावर हात तयार झालेल्यांना हे फार जड जातं; मलाही एक अख्खा पावसाळा लागला. स्टेनलेस गळ मात्र घेऊ नका. दोरी तुटली तर तो माशाच्या तोंडात गंजून गळत नाही.

कोळंबी टोचताना ती उजेडात धरा. पारदर्शक डोक्यात काळपट ठिपका दिसतो. तिथे गळ गेला की खेळ संपला. त्या ठिपक्याच्या पुढे, करवतीसारख्या काट्याच्या बुडाशी आडवा टोचा. प्रवाह जोराचा नसेल तर शेपटीच्या टोकाजवळून टोचलं तरी चालतं. बादलीत खाडीचंच पाणी ठेवा, नळाचं नको, आणि वीसेक कोळंब्यांना बॅटरीवरचा हवेचा पंप लावा.

दोरीचं म्हणाल तर रिळावर ३० पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी पुरे. पण गळाच्या वर दीड हात ५० पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी हवीच. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. एकदा मी २० पौंडीवर भागवलं. मासा किनाऱ्याशी आला, डोकं हलवलं आणि दोरी सुटी पडली, टोक सुरीने कापल्यासारखं. शिसं आरपार भोकाचं, ब्रेडवर सरकतं ठेवा, खाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग तंगूस. प्रवाहात शिसं तळाला टिकेल एवढंच वजन, एका तोळ्यानेही जास्त नको.

जागा? खारबांधाची उघाडी, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधातली पाणी सोडायची वाट. ओहोटीला पाणी शेतातून खाडीत पडतं, त्याबरोबर कोळंबी-बोयी बाहेर येतात आणि जिताडा तिथे तोंड करून उभा असतो. उधाणाच्या दिवसांत पाणी फार ओढतं, शिसं टिकत नाही. मी अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असते तेव्हा जातो.

खूप मोठा मासा लागला तर पकडीने गळ सोडवून परत द्या. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा मासा बहुधा अंडी देणारी मादीच असते. आणि प्रत्येक माशानंतर तंगूस दोन बोटांत धरून गळापर्यंत ओढून बघा. कुठे खरखर लागली तर तिथून कापा, गाठ थुंकीने ओली करून नव्याने बांधा.