खान्देशात प्रौढांचे ज्यू अभ्यासमंडळ कसे चालवावे

मुंबई-पुण्याच्या सिनेगॉगांपासून (ज्यू प्रार्थनास्थळांपासून) दूर, जळगाव किंवा भुसावळ येथे अभ्यासमंडळ सुरू करताना सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ जमण्याची वाट पाहू नये, कारण अभ्यासाला दोघेही पुरतात. जोडीने वाचण्याची पद्धत परंपरेतच रूढ आहे. त्या दहांत स्त्रियांना मोजायचे की नाही, हे मात्र पहिल्याच बैठकीत ठरवावे. उदारमतवादी मंडळ्या मोजतात आणि माझ्या मते तेच योग्य आहे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणे परंपरेने वर्ज्य असल्याने बैठक शनिवारी तारे दिसल्यावर किंवा रविवारी ठेवावी. तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, त्या आठवड्यासाठी नेमलेला भाग आधी मराठीतून वाचावा आणि हिब्रूची 22 अक्षरे त्यासोबत सावकाश शिकावीत. केवळ अक्षरांतच अडकलेल्या प्रौढांचा उत्साह लवकर ओसरतो. ज्यू नसलेला जोडीदार किंवा धर्मांतराचा विचार करणारी व्यक्ती आल्यास कारण न विचारता वाचनाची पाळी त्यांनाही द्यावी. खाणे शाकाहारी ठेवल्यास कोशेरचे, म्हणजे ज्यू आहारनियमांचे, बरेच प्रश्न सुटतात. बेने इस्रायलींचा (मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा) मलिदा हा गोड पदार्थ करायचा असल्यास भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे लागतात. केळी तर जळगावात शोधावी लागत नाहीत. फळे खाण्याआधी म्हणायचे आशीर्वाद नवशिक्यांकडूनच म्हणवून घ्यावेत.