अंबू बॅग: मास्क धरणारा हात आणि बॅग दाबणारा हात

श्वास थांबलेल्या रुग्णाचा पहिला आधार अंबू बॅगच, म्हणजे हातानं दाबून मास्कमधून श्वास देणारी पिशवी. बॅग नीट चालली तर श्वासनलिकेत ट्यूब टाकायला थोडा उशीर झाला तरी रुग्ण तग धरतो. बॅगच फसली तर ट्यूब टाकायला उसंत उरत नाही. तरीही शिकवताना हे कौशल्य झटपट उरकलं जातं, कारण बॅग दाबणं सोपं दिसतं. ते सोपं आहेच. अवघड आहे ते मास्क धरणं, आणि त्याहून अवघड म्हणजे घाबरलेल्या हाताला आवरणं.

रुग्णाच्या तोंडावर नेण्याआधी बॅग तपासा, दहा सेकंदही लागत नाहीत. मास्क जोडतो ते तोंड तळहातानं बंद करून बॅग दाबा. ती दबत नसेल तर ठीक. हवा फुसफुसत निघाली तर कुठेतरी गळती आहे. (लहान मुलांच्या बॅगेवर ४० सेंमी पाण्याच्या दाबाला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, तिथून हवा सुटली तर तो दोष नव्हे.) हात सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. धुऊन परत जोडलेल्या बॅगेत व्हॉल्व्हची रबरी पाकळी उलटी बसलेली असू शकते, कधी ती बसवायचीच राहून जाते. बाहेरून पाहून हे कळत नाही.

ऑक्सिजन मिनिटाला १५ लिटर ठेवा आणि मागची ऑक्सिजन साठवणारी रिझर्व्हॉयर पिशवी फुगलेली आहे का ते पाहा. ती फुगलेली असेल तर रुग्णाला जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन मिळतो, तीच नसेल तर साधारण निम्माच. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी ही बॅग आणली, तेव्हा तिचा मोठा गुण हाच होता की ती आपोआप फुगते, तिला गॅसच्या पुरवठ्याची गरज नाही. धोकाही तिथंच आहे. सिलिंडर संपला तरी दाबणाऱ्या हाताला काहीच फरक जाणवत नाही, रुग्णाला मात्र २१ टक्क्यांची साधी हवा जात राहते. म्हणून अधूनमधून नजर रिझर्व्हॉयरकडे गेलीच पाहिजे. तो चपटा पडला की आधी सिलिंडर आणि नळी बघा.

डोकं आणि जबडा

डोक्याखाली घडी ठेवून कानाचं छिद्र आणि छातीच्या मधल्या हाडाची वरची खाच एका पातळीत आणा, चेहरा छताला समांतर. स्थूल रुग्णाला खांद्यांखालीही उंची द्यावी लागते. तान्ह्या बाळाचं डोकं मागून मोठं असल्यानं मान आपोआप पुढे वाकते. त्याच्या खांद्यांखाली पातळ घडी घाला आणि मान सरळ ठेवा, जास्त मागे नको. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर डोकं मागे न झुकवता फक्त जबडा पुढे उचला. त्यानंही श्वासमार्ग उघडला नाही, तर डोकं झुकवावंच लागतं, कारण आधी श्वास.

रुग्ण पूर्ण बेशुद्ध असेल तर ओरल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली वाकडी नळी) घाला. माप तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. लहान पडला तर तो जिभेलाच मागे ढकलतो. ओकारीची उबळ येत असेल तर तोंडातून नको, नाकातला एअरवे जेली लावून घाला. कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर तोही टाळा.

मास्क

मास्क नाकाच्या दांड्यापासून हनुवटीच्या वरच्या खाचेपर्यंत बसावा. डोळ्यांवर चढू नये, हनुवटीखाली लोंबू नये. एका हातानं धरताना अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावरच, खालच्या मऊ भागावर नाही. तिथं दाबलं की जीभ वर ढकलली जाते आणि आपणच रस्ता बंद करतो. नेहमीची चूक म्हणजे मास्क चेहऱ्यावर दाबणं. त्यानं जबडा मागे जातो. चेहरा उचलून मास्कमध्ये आणायचा असतो.

दोन माणसं असतील तर एका हाताची पद्धत वापरूच नका. एकानं दोन्ही अंगठे मास्कच्या दोन बाजूंना लांबवून ठेवावेत, बोटांनी जबड्याचे दोन्ही कोन पुढे उचलावेत. दुसऱ्यानं बॅग दाबावी. सीपीआर चालू असेल तर छाती दाबणाराच ३० दाबांनंतरच्या विरामात दोन श्वास देऊ शकतो. दाढी असेल तर तिच्यावर जेली लावा. कवळी घट्ट असेल तर राहू द्या, गालांना आधार मिळतो. सैल असेल तर काढा.

किती दाबायचं

मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते. रुग्णाला हवी असते ५०० ते ६०० मिली, म्हणजे बॅगेचा तिसरा हिस्सा. एका सेकंदात सावकाश दाबा आणि छाती वर येताना दिसली की थांबा. नाडी असलेल्या प्रौढाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, मुलांना दर २ ते ३ सेकंदांनी. हातघाईत हा वेग नकळत दुप्पट होतो, म्हणून घड्याळाकडे बघत कुणीतरी मोठ्यानं मोजावं.

जोरात दाबल्यानं काय होतं? दाब साधारण २० सेंमी पाण्याच्या वर गेला की अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतं आणि हवा पोटात शिरते. पोट फुगतं, छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, फुप्फुसांना जागा उरत नाही. बॅग कडक लागते म्हणून माणूस आणखी जोर लावतो, आणि मग उलटी थेट फुप्फुसात. हृदय थांबलेल्या रुग्णात वेगानं दिलेले श्वास छातीतला दाब वाढवतात आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. दम्याच्या रुग्णाला श्वास बाहेर टाकायला वेळ लागतो. त्याला मिनिटाला ६ ते ८ पुरेत. रक्तदाब अचानक घसरला तर बॅग बाजूला करून हवा बाहेर येऊ द्या.

छाती हलत नसेल तर जोर वाढवू नका. डोक्याची स्थिती बदला, एअरवे घाला, दोन हातांनी धरा, मास्कचा आकार बदला, सक्शन करा (तोंड-घशातला स्राव यंत्रानं ओढून काढा). तरीही जमत नसेल तर हट्ट न धरता एलएमए किंवा आय-जेल (घशात बसवायची, श्वासमार्ग उघडा ठेवणारी साधनं) टाका. सॅच्युरेशनच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या) आकड्यावर विसंबू नका, तो मागाहून बदलतो; छाती आणि कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) लाट आधी सांगते.

उलटी झाली तर रुग्णाला कुशीवर वळवा, सक्शन करा, मगच पुन्हा बॅग. त्याआधी व्हॉल्व्हकडे बघा. त्यात उलटी अडकली असेल तर झटकत बसू नका, दुसरी बॅग घ्या. अडकलेल्या व्हॉल्व्हमधून हवा आत जाते पण बाहेर येत नाही.