मालीश शिकायला निघालात? आधी अंगठे सांभाळा

दुधाची पिशवी कापायला कात्री हातात घेतली आणि ती धरताच येईना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, अशी कळ आली की कात्री ओट्यावर टाकून मी खालीच बसले. पंचकर्म केंद्रात थेरपिस्ट म्हणून लागून जेमतेम आठ महिने झाले होते. दिवसाला पाच अभ्यंग, म्हणजे अंगभर तेलाचं मालीश, सोमवारी सहा.

अभ्यंग, स्वेदन (घाम काढणारा शेक), उद्वर्तन (चूर्ण चोळणं) यांचा क्रम मी इथे सांगत बसणार नाही. तो तुम्हाला वर्गात नीट शिकवतील. वर्गात मलाही शिकवलं होतं, पण कानाआड गेलं, ते तेवढं सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाई म्हणायची, "ताई, अजून जोर लावा." माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. वाटायचं, हिला माझा हात हलका वाटला तर पुढच्या वेळी दुसरीचं नाव सांगेल. मग मी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवायला लागले. ते चालायचं. अंगठ्याचं टोक लहान, त्यामुळे थोड्या जोरातही चांगलं खोल लागल्यासारखं वाटतं. बाई म्हणायची "हां, इथंच!", आणि मला वाटायचं आपल्याला काम जमलं.

हीच ती चूक. जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या बॅचमधल्या आणखी दोघी यातच अडकल्या. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ जो सांधा आहे, त्यामुळे आपला अंगठा प्रत्येक बोटाला टेकू शकतो. फिरण्यासाठीच तो सैल आहे. अंगाचा भार सोसणं हे त्याचं काम नाही. तुम्ही अंगठ्याच्या टोकावर दाब दिला की तो दाब मागे सरकत येतो आणि या सांध्यावर साठतो. त्यात पाठ तेलाने निसरडी. अंगठा घसरू नये म्हणून तळहाताचे स्नायू सारखे आवळलेले. असं एका अभ्यंगात शंभर-दोनशे वेळा, दिवसातून पाच जणींना. आधी रात्री अंगठा जड वाटतो. मग सकाळी आखडतो. मग डब्याचं झाकण फिरवताना दुखतो. त्यानंतर कात्री.

प्रत्येक टप्प्यावर मला कुणी ना कुणी सांगितलं, "नवीन आहेस, होईल सवय." हे ऐकू नका. स्नायूंना सवय होते, ते कामाने घट्ट होतात. सांध्याला सवय होत नाही, तो झिजतो. पोटरी आणि खांदे दुखत असतील तर खुशाल दोन आठवडे वाट बघा. अंगठ्याचं मूळ किंवा मनगट दुखत असेल तर त्याच दिवशी कामाची पद्धत बदला आणि डॉक्टरांना दाखवा. मला सहा आठवडे अंगठ्याला पट्टा बांधून बसावं लागलं. पगार केलेल्या दर उपचारामागे मिळायचा, म्हणजे सहा आठवडे शून्य.

त्या काळात मिरजेला आत्याकडे गेले. आत्या तीस वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावतेय, रोज सकाळी तीन घरं. लहानपणापासून बघत आले होते, पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. चटईवर बाळंतीण पालथी. आत्या तिच्या कुशीला गुडघ्यांवर. तळहाताचा मनगटाजवळचा गादीसारखा भाग तिने कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर टेकवला, कोपर सरळ केलं, आणि मग हाताने काहीच केलं नाही. नुसती कमरेतून पुढे झुकली. अंगाचं वजन आपोआप खाली उतरलं. बाळंतिणीने लांब श्वास सोडला, तशी आत्या मागे आली. अंगठा बोटांच्या शेजारी नुसता पडलेला. मी विचारलं, "आत्या, तुझा अंगठा कधी दुखला नाही?" ती म्हणाली, "अगं, कणीक काय अंगठ्याने तिंबतेस?"

टेबलाशी उभं राहून हेच करायचं तर सगळं काम पायांत येतं. बंद पडलेली स्कूटर ढकलताना आपण कसे उभे राहतो ते आठवा. एक पाय पुढे, गुडघा थोडा वाकलेला, मागच्या पायाची टाच जमिनीला रेटलेली, हात सरळ. अगदी तसं. पाठ आणि मांडीला तळहात, मूठ किंवा कोपराखालचा सपाट हात. कोपराचं टोक फक्त जाड स्नायूवर आणि फार सावकाश. कण्याच्या हाडावर, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि गळ्यावर कशाचाच दाब नको. अंगठा तळपाय, तळहात आणि चेहऱ्यापुरता ठेवा, तोही बाकीच्या बोटांचा आधार देऊन. आठवड्याभरात हात बदलत नाही, मला तीन महिने लागले. पण बदलतो, एवढं नक्की सांगते.

आता लोकांना फायदे काय सांगायचे. मीही पूर्वी सांगायचे, की मालीशने लॅक्टिक ॲसिड निघून जातं, विषारी द्रव्यं बाहेर पडतात. सांगू नका. व्यायामानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं, आणि दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं त्यामुळे नसतंच. मालीशने चरबीही वितळत नाही. खरे फायदे सांगायला लाज वाटावी असे नाहीत. जुनाट कंबरदुखीला काही दिवसांचा आराम मिळतो, आखडलेली मान मोकळी होते, मनाचा ताण उतरतो, झोप लागते. चरकसंहितेत अभ्यंगाचा गुण सांगताना तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस यांची उपमा आहे. या तिन्हींत जोर कुठेच नाही, मुरणं आहे. "अजून जोरात" म्हणणाऱ्या बाईला मी आता हेच सांगते आणि हात आणखी सावकाश करते. दहा मिनिटांत तिचा आग्रह थांबतो.

पहिल्यांदा आलेल्या बाईला आत नेण्याआधी पाच मिनिटं बसवून सांगा. कपडे किती काढायचे, कुठला भाग झाकलेला राहील, तेल कोमट असेल, दुखलं तर लगेच बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखू शकतं. पंचकर्मात बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष हा नियम आहे, तो तुमच्या घरच्यांनाही सांगा. मी हे काम करण्याला माझ्या वडिलांचा असलेला विरोध त्या एका वाक्याने निम्मा झाला. शेवटचं कधी जेवलात हे विचारा. अजीर्ण असताना आणि कफ वाढलेला असताना अभ्यंग करू नये, असं आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानेही लिहून ठेवलंय. ताप असेल तर परत पाठवा.

आणि हे डोक्यात कोरून ठेवा. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी दिसली तर हात लावायचा नाही. विशेषतः नुकतं ऑपरेशन झालेलं असेल, पायाला प्लास्टर होतं असेल, लांबचा प्रवास झाला असेल, बाळंतपण झालं असेल तर. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. तेल बाजूला ठेवा, वैद्यांना बोलवा. पेशंट रागावली तरी चालेल.

शिकायचं कुठे, हे मला फार विचारतात. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या शनिवार-रविवारच्या वर्गांवर पैसे घालू नका. केरळात चेरुतुरुत्तीला केंद्र सरकारच्या पंचकर्म संशोधन संस्थेत वर्षभराचा तंत्रज्ञ अभ्यासक्रम आहे. शिकायला लागणारा वेळ साधारण तेवढा असतो, हे त्यावरून लक्षात घ्या. व्हिडिओ बघून हातांची चाल कळते, वजन कुठून आलं ते दिसत नाही. आणि शिक्षक निवडताना त्यांचे हात बघा. पन्नाशीनंतरही रोज स्वतः टेबलाशी उभे राहतात का? विद्यार्थ्यांना आपल्या पाठीवर सराव करू देतात का? जे स्वतः कधी टेबलावर झोपत नाहीत, त्यांच्याकडे मी तरी शिकणार नाही.

आमच्या केंद्रातली लाकडी द्रोणी, म्हणजे पेशंटला झोपवून तेल लावायचं काठाचं टेबल, उंच आहे, हलवता येत नाही. मी आठ महिने खांदे वर करून काम केलं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. आता तिच्याखाली माझा एक लांब पाट असतो. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला द्रोणीशेजारी सरळ उभी करते, हात खाली सोडून मूठ वळायला लावते. कोपर न वाकवता मुठीची पेरं काठाला टेकली तर उंची बरोबर. परवा आलेल्या मुलीला कोपर वाकवावं लागलं, तेव्हा पाट बाहेर ओढला आणि म्हटलं, "यावर उभी राहा, आणि आता तुझं वजन माझ्या हातावर टाकून दाखव."