डाग नसलेल्या सूर्याखाली 5 वॅट

डिसेंबर 2019 मध्ये सौरचक्राचा (सूर्यावरील डागांच्या चढउताराचा) तळ गाठला गेला, तेव्हा 28 मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा बहुतेक वेळा शांत असे. अशा काळात परवानाधारक हॅमने, म्हणजे हौशी रेडिओचालकाने, 5 वॅटच्या रेडिओ संचासाठी 7 आणि 10 मेगाहर्ट्झ हे पट्टे आधी निवडावेत. सूर्य मंद असताना आयनांबराची (रेडिओ लहरी पृथ्वीकडे परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या भागाची) घनता घटते, त्यामुळे वरच्या वारंवारता परावर्तित न होता अवकाशात निघून जातात. मात्र त्याच्या सर्वांत खालच्या, डी थरातील लहरींचे शोषणही काहीसे कमी होते, आणि हा लाभ कमी शक्तीच्या संचाला विशेष मोलाचा वाटतो.

100 वॅटवरून 5 वॅटवर आल्याने फरक पडतो तो 13 डेसिबलचा, म्हणजे सिग्नल मीटरवर सुमारे 2 अंशांचा. तो अँटेनाने भरून काढावा. 7.030 मेगाहर्ट्झसाठी प्रत्येकी सुमारे 10 मीटर लांबीच्या दोन तारांचा द्विध्रुव (डायपोल अँटेना) शक्य तितका उंच ताणावा आणि तारेची लांबी थोडी थोडी कापत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते ते दाखवणारे गुणोत्तर) किमान करावा. माझ्या मते संचावर खर्च करण्याआधी याच कामाला एक संपूर्ण सुट्टी द्यावी.

आवाजापेक्षा मोर्स वापरावा, कारण त्याची अरुंद बँडविड्थ गोंगाटातूनही कानाला सापडते. मोर्स येत नसल्यास एफटी8 ही संगणकावर चालणारी डिजिटल पद्धत घ्यावी. रात्री 7 मेगाहर्ट्झवर जवळची केंद्रे नाहीशी झाली, तर संच बिघडला असे समजू नये; तेव्हा परावर्तित लहरी जवळ न उतरता दूर उतरतात. तेव्हा दूरची केंद्रे ऐकावीत, आणि स्वतः सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) देत बसण्याऐवजी स्पष्ट ऐकू येणाऱ्या केंद्राला, त्याचा संपर्क संपताच, एकदाच नेमके उत्तर द्यावे.