चाळिशीच्या आसपास कथक शिकायचंय? अशी करा सुरुवात

मोठेपणी नाच शिकायचं मनात आलं की पुण्यात पर्यायांना तोटा नाही. साल्सा, झुंबा, बॉलिवूड, भरतनाट्यम, लावणी, जे म्हणाल ते आहे. व्यायामच करायचा असेल तर झुंबाला खुशाल जा. पण नाच म्हणून काही शिकायचं असेल तर माझं मत कथकला. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली. त्यानंतर या शहरात कथकच्या गुरू, शिष्या आणि त्यांच्याही शिष्या इतक्या झाल्या, की बहुतेक उपनगरांत कुठल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये संध्याकाळी घुंगरू ऐकू येतात.

१. आधी क्लास बघून या

पहिली चाळणी अंतराची लावा. नावाजलेला क्लास हडपसरला आणि तुम्ही राहता कोथरूडला, तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो उत्साह महिनाभरही टिकणार नाही. घराजवळचा किंवा ऑफिसच्या वाटेवरचा क्लास बघा.

फोनवर फी विचारून थांबू नका. एक तास नुसतं बसून बघू द्याल का, असं विचारा. बसल्यावर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा: ताई नवशिक्यांच्या पायांकडे बघतात का, आणि मोठ्यांची बॅच वेगळी आहे का. दुसरी चौकशी संकोच न करता करा. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभं राहायची तयारी असेल तर प्रश्नच नाही, पण बहुतेकांना ते जमत नाही. मुलींना चटकन जमतं आणि आपण मनातल्या मनात खट्टू होतो. चुकलेला तास भरून मिळतो का, परीक्षा सक्तीची आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या. पुरुषांनी एवढं जास्तीचं विचारावं की बॅचमध्ये आणखी कुणी पुरुष आहे का. नसला तरी बिघडत नाही, कथकमध्ये पुरुष गुरूंची मोठी परंपरा आहे.

२. खरेदी आवरा

सुती सलवार-कुर्ता, छातीवरून तिरकी घेऊन कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, एवढ्यावर काम भागतं. पाय अनवाणी. घुंगरू पहिल्या दिवशी लागत नाहीत. ताई सांगतील तेव्हा आणि सांगतील तितकेच घ्या. वजनदार घुंगरू बांधून कच्चा पाय आपटला की नडगी आणि घोटा दोन्ही बोलायला लागतात.

३. पायाआधी हात

मोठ्या वयात शरीर उशिरा वळतं हे खरं, पण हिशोब डोक्यात पटकन बसतो. त्याचा फायदा घ्या. तीनताल हा ताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायचा. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. हाताने असा ताल धरून तोंडाने बोल म्हणायचे, याला पढंत म्हणतात: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. हे आठ मात्रांचे बोल दोनदा म्हटले की एक आवर्तन पूर्ण होतं आणि पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येता.

पढंत सिग्नलला उभं असताना होते, कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही होते. हाताला सोळा मात्रा पक्क्या झाल्या नाहीत तोवर पायांकडून अपेक्षा ठेवू नका. आधी एकपट लय पक्की करा, दुगुण म्हणजे दुप्पट लय नंतर. घाई झालेली नवव्या मात्रेला हमखास कळते, कारण तिथे टाळीचा आधार नसतो.

४. आता तत्कार

तत्कार म्हणजे हेच बोल पावलांनी वाजवणं. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. सगळी गोम या उलटण्यात आहे, पहिल्या आठवड्यात तिथेच पाय अडकतो. नवशिके पाय गुडघ्यातून उंच उचलतात. तसं करू नका. पाऊल जमिनीपासून थोडंच वर घ्या आणि टाच, चवडा एकदम टेकेल असं सोडा. आवाज भरीव आला की पाऊल बरोबर पडलं. टाच आणि चवडा वेगवेगळे ऐकू आले तर हळू करा. गुडघे सरळ, पण कडक ताणलेले नकोत.

पोटऱ्या दुखणं ठीक. गुडघ्यात कळ येत असेल तर थांबा आणि ताईंना सांगा. आधीपासून गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास असेल तर प्रवेश घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

५. घरचा रियाज

रोज पंधरा मिनिटं पुरेत. काँक्रीटवर बसवलेली फरशी पायांना कठीण जाते, म्हणून वेळ बेतानेच वाढवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्याचा विचार करा. दुपारी एक ते चार काय चालतं हे पुण्यात वेगळं सांगायला नको. त्या वेळात पढंत करा, किंवा आरशासमोर हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली. लय धरायला मोबाइलवर लेहऱ्याचं, म्हणजे तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेचं ॲप घ्या.

६. परीक्षा आणि कार्यक्रम

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत असतात. चाळिशीत त्या द्यायलाच हव्यात असं अजिबात नाही, पण तारीख समोर असल्याशिवाय ज्यांचा रियाज होत नाही त्यांनी जरूर द्याव्यात. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मोठ्यांच्या बॅचचंही एखादं समूहनृत्य बसवतात. तेव्हा अंग चोरू नका. पोशाख मात्र लगेच शिवायला टाकू नका, ड्रेपरीवाल्याकडे भाड्याने मिळतो का बघा. कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत असेल तर बरेच दिवस आधी सांगून ठेवा, शाळांच्या गॅदरिंगमुळे तेव्हा मापाचं काही उरत नाही.